तळघरातलं लॅगिंग

आयुष्यभर काय काम केलंत असं कुणी विचारलं, की गोविंदराव सांगायचे, "गरम पाइपांना कपडे घातले." मग समोरच्याचा चेहरा बघत थांबायचे. त्यात थट्टा असली तरी खोटं काही नव्हतं. रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते छत्तीस वर्षं होते. बॉयलरमधून निघालेली वाफ लांबलांबच्या यंत्रांपर्यंत पोचेस्तोवर गार पडू नये, म्हणून पाइपांवर आवरण चढवतात. त्याला कारखान्यात लॅगिंग म्हणतात, आणि गोविंदराव त्या लॅगिंगचे फोरमन होते. पाइपावर काचेच्या लोकरीचा थर, त्याच्यावर जाळी, आणि सगळ्यांत वर घट्ट शिवलेलं कापड. नवा साहेब आला की ते त्याचा हात धरून पाइपावर ठेवायचे. आत दीडशे डिग्रीची वाफ आणि बाहेर हाताला नुसतं कोमट. साहेबानं चकित होऊन मान वर केली, की त्यांचा दिवस चांगला जायचा.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर, २०१४ च्या जुलैत, ते धाकट्या मुलीकडे म्हणजे उल्काकडे सिंगापूरला आले. बायको अंजली थोरल्या मुलीकडे नागपूरला गेली होती, त्यामुळे या खेपेला ते एकटेच होते. जावई सुबोध वन-नॉर्थमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होता. पूर्वी ही मंडळी बुकित पंजांगला फ्लॅटमध्ये राहत. वर्षभरापूर्वी त्यांना बुकित तिमाहच्या एका आतल्या गल्लीत जुनं दुमजली घर भाड्यानं मिळालं, आणि त्या घराला चक्क तळघर होतं. उल्काचा जीव घरापेक्षा त्या तळघरावरच बसला होता. आसपासच्या मराठी मुलांसाठी दर रविवारी मराठीचा वर्ग घ्यायचं तिच्या फार दिवसांपासून मनात होतं, आणि त्याला हवी तशी जागा आता पायाखालीच मिळाली होती. वर्ग याच महिन्यात सुरू झाला होता आणि चौदा मुलं येत. तिची स्वतःची मुलगी, आठ वर्षांची जाई, त्यांच्यातच.

घरात गोविंदरावांचे लाड व्हायचे, आणि त्या लाडांनीच ते बेजार झाले होते. चहाचा कप विसळायला घेतला की सुबोध तो हातातून काढून घेई. बाजारातून पिशवी आणली की म्हणे, बाबा, मला सांगायचं ना. नळाचा वॉशर बदलायला स्क्रू ड्रायव्हर मागितला तेव्हा तर तो म्हणाला होता, "बाबा, तुम्ही आराम करा. मी माणूस बोलावतो." आवाजात उर्मटपणा अजिबात नव्हता, म्हणून रागावताही येत नव्हतं. गोविंदराव मुकाट्यानं सोफ्यावर जाऊन बसत आणि खिडकीतून समोरच्या घराचं गटार कुणीतरी चुकीच्या उतारानं बांधलंय, ते बघत राहत.

तिसऱ्या रविवारी तळघरात तन्मय नावाचा मुलगा घसरला आणि बसल्या बसल्या थेट फळ्यापर्यंत गेला. त्याला लागलं काहीच नाही. उलट मजा आली म्हणून त्यानं पुन्हा एकदा घसरून दाखवलं. पण त्याला घ्यायला आलेल्या आईनं ते पाहिलं, आणि मग सगळ्यांनीच फरशीकडे नीट बघितलं. फरशीवर पाण्याची एक लांबलचक रेघ उमटली होती. त्या रेघेच्या बरोबर वर, छताच्या कडेनं, एअरकंडिशनरचा डक्ट गेला होता. डक्ट म्हणजे गार हवा नेणारं पत्र्याचं चौकोनी नळकांडं. हे पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं होतं आणि त्याच्या पोटातून जागोजाग थेंब गळत होते.

त्या संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलं, की फरशी कोरडी होईपर्यंत वर्ग बंद. उल्काच्या रात्रीच्या आमटीत मीठ पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एअरकंडिशनरचा माणूस आला. मशीन ठीक आहे, मशीनचं पाणी वाहून नेणारा पाइपही मोकळा आहे, पाणी बाहेरून डक्टवर धरतंय, आवरणाचं काहीतरी बघा, असं सांगून तो गेला. उल्कानं घरमालकांना, मिस्टर कोह यांना, फोन लावला. ते म्हणाले, आवरण एक नंबरचं आहे, तुम्हीच दारं उघडी टाकत असाल. इतक्या वर्षांत कुणाचीच तक्रार नव्हती. फोन ठेवल्यावर उल्का सिंगापूरमधल्या एकूण घरमालकांबद्दल बरंच बोलली.

सुबोध ऑफिसला गेल्यावर गोविंदरावांनी मागच्या अंगणातली शिडी खाली नेली.

वर चढून त्यांनी डक्टवर हात ठेवला आणि क्षणभर कशासाठी चढलो तेच विसरले. फार दिवसांनी इतकं सुरेख काम नजरेला पडत होतं. काचेच्या लोकरीचा थर सगळीकडे सारखा. त्याच्यावर जाड कॅनव्हास, कोपऱ्यांना असा काही मुडपलेला की कुठं सुरकुती म्हणून नाही. शिवण कडेपासून बोटभर अंतरानं, एका रेषेत, आणि वरून पांढरा रंग. आपल्या हाताखालच्या पोरांना दाखवावं असं काम. फक्त खालच्या अंगाला कापड ओलं होऊन मऊ पडलं होतं. त्यांनी निदान केलं, की थर पातळ आहे. इंचभराच्या लोकरीनं काय होणार? आतला गारवा बाहेर झिरपतोय. वाफेच्या लाइनवर असं झालं असतं, तर त्यांनी वर आणखी एक थर चढवला असता. तोच उपाय इथं.

उल्का वडिलांच्या बाजूनं असल्यानं सुबोधला नाही म्हणता आलं नाही. शनिवारी तो सासऱ्यांना घेऊन जालान बेसारकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत गेला. दोन इंची लोकर, कापड, तार, हातमोजे, मास्क, सगळं आलं. गोविंदराव तीन दिवस शिडीवर होते. जाई शाळेतून आली की खालून कात्री पुरवायची. काम झालं तेव्हा डक्ट चांगला गलेलठ्ठ दिसू लागला, आणि गळणं थांबलं. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. फरशी कोरडी ठणठणीत. उल्कानं ग्रुपवर फोटो टाकला, वर्ग पुन्हा सुरू झाला, आणि गोविंदरावांनी अंजलीला फोन करून सांगितलं, की इथल्या लोकांना लॅगिंगमधलं काही कळत नाही.

दुसऱ्या रविवारी वर्गात 'ळ' चालला होता. एका मुलाचा वाढदिवस होता म्हणून डक्टखालच्या टेबलावर शंकरपाळ्यांची परात ठेवलेली. उल्का मुलांकडून केळं, फळा, बाळ असं घोकून घेत होती आणि मुलं जिभा वळवत होती. गोविंदराव जिन्यावर बसून कौतुकानं ऐकत होते. एवढ्यात वरून कापड फाटल्याचा आवाज आला, आणि पाण्यानं जडावलेल्या लोकरीचा हातभर लांब लगदा थपकन परातीत पडला. शंकरपाळ्या चारी दिशांना उडाल्या.  मग जाई शांतपणे म्हणाली, "आजोबा, डक्टचं डायपर गळालं."

त्यानंतर अर्धा तास वर्गात 'ळ' तर सोडाच, कुठलंच अक्षर कुणी काढलं नाही. मुलं अक्षरशः लोळत होती. तन्मय तो लगदा दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न करत सिंगापुरी इंग्रजीत "सो हेवी लाह" म्हणत होता. उल्कालाही हसू आवरेना. हसले नाहीत ते फक्त गोविंदराव. सुबोधनं सगळं गोळा केलं, फरशी पुसली, आणि वर आल्यावर हळूच म्हणाला, "बाबा, राहू द्या आता. मी दुसरं काहीतरी बघतो." तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं गोविंदरावांना वाटलं. जेवताना त्यांनी एकच पोळी घेतली.

सकाळी घर रिकामं झाल्यावर त्यांनी तो लगदा अंगणात नेऊन पिळला. बादलीचा तळ झाकेल इतकं पाणी निघालं. मग ते पुन्हा शिडीवर चढले आणि जिथून लोकर गळाली होती तिथं जुन्या कापडाच्या टोकाखालून हात घालून आतली लोकर चाचपून पाहिली. तीही ओली. तिच्या आतला पत्रासुद्धा ओला. त्यांनी पत्र्यावरून नख फिरवलं. कुठं भोक नाही, कुठं फट नाही. वर छत कोरडं. मग एवढं पाणी आलं कुठून?

हा प्रश्न घेऊन ते दोन दिवस हिंडले. कारखान्यात कधी अडलं तर ते एकटेच गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन बसायचे. इथं टपरी नव्हती, पण चालत पंधरा मिनिटांवर खाण्यापिण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर होतं. मंगळवारी दुपारी ते तिथं गेले, बर्फ घातलेला लिंबाचा रस घेतला आणि पंख्याखालचं टेबल धरलं. हवा नेहमीसारखी दमट होती. ग्लास क्षणात बाहेरून ओला झाला. हाताला गार पाणी लागू नये म्हणून त्यांनी ग्लासाला रुमाल गुंडाळला, आणि थोड्या वेळानं रुमाल पिळण्याइतका भिजला.

गोविंदराव त्या रुमालाकडे बघत राहिले.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारा चिनी माणूस पेपर वाचत बसला होता. त्याच्या पुढ्यात सोड्याची बाटली होती आणि बाटलीला काळ्या फोमची जाड पिशवी घट्ट बसवलेली होती. पिशवी बाहेरून कोरडी दिसत होती. गोविंदरावांनी खुणेनं विचारलं, हात लावू का? म्हाताऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि बाटली सरकवली. खरोखरच कोरडी. मग गोविंदराव उठले, आणखी एक ग्लास रस घेऊन आले आणि दोन्ही हात जोडून ती पिशवी थोड्या वेळासाठी मागितली. म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे, पण त्यानं ती काढून दिली आणि पेपर मिटून तोही बघत बसला. एका ग्लासाला रुमाल, दुसऱ्याला फोमची पिशवी. अर्धा तास दोघंही त्या दोन ग्लासांकडे बघत होते. रुमाल टपटप गळू लागला. पिशवीला बाहेरून ओलाव्याचं नावही नव्हतं.

आता त्यांना सगळं दिसलं. पाणी डक्टमधून येतच नव्हतं, ते हवेतून येत होतं. गरम पाइपावर लोकरीत ओल शिरली तरी आतली ऊब तिला बाहेर हाकलते, म्हणून वरचं कापड हवा खेळणारं असलं तरी चालतं. इथं सगळं उलटं होतं. दमट हवा कापडातून, लोकरीतून आत आत शिरायची, गार पत्र्याला टेकली की तिचं पाणी व्हायचं, आणि लोकर ते पाणी पीत बसायची. त्यांनी वरून आणखी लोकर चढवली, म्हणजे पाणी प्यायला आणखी जागा करून दिली. ती तुडुंब भरायला दोन-अडीच आठवडे लागले, एवढाच काय तो फरक. थर कितीही जाड केला तरी उपयोग नव्हता. हवा आत जाता कामा नये, हे खरं काम होतं.

कारखान्यात थंड लाइनही होत्या. त्यांचं आवरण दुसऱ्या कंत्राटदाराकडे असे. डांबर फासलेली ती काळी ओबडधोबड ढेकळं बघून गोविंदराव नाक मुरडायचे. ती माणसं डांबर का फासत होती, हे त्यांनी छत्तीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. हॉकर सेंटरमध्ये बसल्या बसल्या त्यांना त्याची लाज वाटली, आणि लगेच हसूही आलं. त्यांनी म्हाताऱ्याला पिशवी परत केली आणि त्याच्यासाठी एक सोडा विकत घेतला.

उल्काला त्यांनी दोन ग्लासांचा प्रयोग घरी करून दाखवला. तिला पटलं. पण आता जुनं आवरण पुरतं काढावं लागणार होतं, आणि त्याला घरमालकांची परवानगी हवी होती. तिनं फोन केला, आणि शनिवारी सकाळी मिस्टर कोह स्वतः आले, सोबत मिसेस कोह. मिस्टर कोह सत्तरीचे, काटकुळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. मिसेस कोह बुटक्या, हातात फळांची पिशवी. तळघरात उतरल्यावर मिस्टर कोह डक्टखाली उभे राहिले आणि गोविंदरावांच्या लोकरीचे लोंबणारे उरलेसुरले तुकडे बघून त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं.

सुबोध काहीतरी सावरून बोलणार तोच गोविंदराव पुढं झाले आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, की ते मी केलं आणि ते चुकलं. पण त्याच्या आतलं, मूळचं काम ज्यानं केलंय त्याचा हात सोन्याचा आहे. "असं लॅगिंग मी आयुष्यात दोनदा-तीनदाच पाहिलंय."

मिस्टर कोह वळले. त्यांचंही इंग्रजी तुटकच होतं. "लॅगिंग? तुम्हाला लॅगिंग माहीत आहे?"

"छत्तीस वर्षं. वाफेच्या लाइन."

"मी एकोणतीस वर्षं," मिस्टर कोह म्हणाले. "जहाजांच्या इंजिनरूम."

एकमेकांचं इंग्रजी धड न समजणाऱ्या त्या दोन माणसांना तो एक शब्द पुरला. दोघांनी तिथल्या तिथं बाह्या वर केल्या आणि भाजल्याचे जुने डाग एकमेकांना दाखवले. मिस्टर कोहांचा कोपराजवळचा डाग मोठा निघाला, त्यामुळे ते खूश झाले. मग त्यांनी सांगितलं, की हे डक्टचं काम त्यांनी स्वतः केलंय, पंधरा वर्षांपूर्वी, आणि वरचा कॅनव्हास त्यांच्या बायकोनं मशीनवर शिवलाय.

 ज्याचं काम चुकलं म्हणून सांगायचं, तोच समोर उभा होता. स्वतःची चूक कबूल करायलाच त्यांना दोन दिवस लागले होते, आणि इथं तर पंधरा वर्षांची चूक होती. गोविंदरावांनी उल्काला बर्फाचं पाणी आणायला सांगितलं. टेबलावर दोन ग्लास मांडले. एकाला लोकर आणि कापड, दुसऱ्याला सुबोधच्या पाण्याच्या बाटलीचं फोमचं आवरण. मग म्हणाले, "मिस्टर कोह, आपण दोघं गरम पाइपाची माणसं. मी तुमच्यासारखंच केलं. म्हणून तुमच्यासारखंच चुकलो. थोडा वेळ बसा."

ते बसले. वीस मिनिटांत कापडातून पहिला थेंब टेबलावर पडला. मिस्टर कोह त्या थेंबाकडे बघत राहिले. मग त्यांनी ठामपणे सांगितलं, की या डक्टमधून कधीच पाणी पडलं नाही. कुणाचीच तक्रार नव्हती.

तेव्हा इतका वेळ गप्प असलेल्या मिसेस कोह बोलल्या. त्या इंग्रजीत बोलल्या, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणूनच. "मी तक्रार करत होते. आम्ही इथं राहत होतो तोवर, चौदा वर्षं. इथं माझं माजाँग खेळायचं टेबल होतं. मी टेबलाशेजारी तसराळं ठेवायचे. तू म्हणायचास, तुझ्याकडून चहा सांडला."

 उल्का ओठ चावत जिन्याकडे बघू लागली. मिसेस कोह पुढं म्हणाल्या, की त्यांच्या तीन मैत्रिणींनाही वाटायचं की चहाच सांडतो, म्हणून शेवटी त्यांनी खेळताना चहा देणंच बंद केलं, तरी फरशी ओलीच. एवढं बोलून त्या स्वतःच हसू लागल्या, आणि त्यांचं ते हसू असं होतं की मिस्टर कोहांनाही थांबता येईना. डोळे पुसून ते उठले, शिडीपाशी गेले आणि गोविंदरावांना विचारलं, "रबराचा फोम कुठला आणायचा? पाऊण इंची की एक?"

पुढचा आठवडा गोविंदरावांना कायम लक्षात राहिला. रोज सकाळी आठला मिस्टर कोह बसनं यायचे, पाठीवर हत्यारांची पिशवी. मिसेस कोह मागाहून नारळाचा जॅम लावलेले काया टोस्ट आणि कॉफी घेऊन यायच्या. गोविंदराव पोहे करायचे. दोन दिवस एअरकंडिशनर बंद ठेवून त्यांनी सगळं जुनं आवरण उतरवलं आणि पत्रा पुसून, वाळवून लख्ख केला. कॅनव्हास कापायची वेळ आली तेव्हा गोविंदराव अडखळले, पण मिसेस कोहांनी त्यांच्या हातातली कात्री घेऊन तो स्वतःच कापला. तुकडा उजेडात धरून शिवण तपासली आणि एकही टाका सुटलेला नाही, हे नवऱ्याला तीनदा सांगितलं.

मग काळ्या रबरी फोमच्या चादरी चढू लागल्या. या फोममध्ये बारीक बारीक बंद बुडबुडे असतात, त्यातून हवा जात नाही. पण सगळा खेळ सांध्यांचा. दोन्ही कडांना डिंकासारखं सोल्यूशन लावायचं, ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, आणि मग कडा एकमेकींवर दाबायच्या. घाई केली की सांधा उघडणार. गोविंदरावांना वाटत होतं, फक्त डक्ट झाकला की झालं. मिस्टर कोहांनी वर बोट दाखवलं. डक्ट ज्या लोखंडी पट्ट्यांनी छताला टांगला होता, त्या पट्ट्याही गार पडणार आणि तिथून थेंब पडणार. त्यांनाही फोमचे मोजे हवेत. गोविंदरावांच्या हे ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी मान्य केलं, आणि मिस्टर कोहांनी चहाबद्दलचा हिशेब थोडाफार चुकता झाल्यासारखा चेहरा केला.

शुक्रवारी मिस्टर कोह दुपारीच परतले. भिंतीलगतचा शेवटचा सांधा उरला होता. गोविंदराव शिडी सरकवत होते तेवढ्यात सुबोध खाली आला. ऑफिसातून लवकर निघाला होता, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. त्यांनी शिडीवर पाय ठेवला आणि सुबोधनं पुढं होऊन शिडी घट्ट धरली. त्याची बोटं पांढरी पडली होती.

गोविंदरावांनी पाय खाली घेतला. "सुबोधराव, काय झालं?"

सुबोधनं शिडी सोडली नाही. मग म्हणाला, "माझे बाबा रिटायर झाल्यावर गच्चीवरची टाकी साफ करायला चढले होते. मी घरातच होतो, कॉम्प्युटरवर. ते पडले. सहा महिने अंथरुणावर होते. तुम्ही काम करू नये असं मला वाटत नाही, बाबा. तुम्ही शिडीवर असलात की मला ऑफिसात काही सुचत नाही."

लग्नाला दहा वर्षं झाली होती. हे गोविंदरावांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. त्यांना तो कप, ती बाजाराची पिशवी, तो नळाचा वॉशर आठवला, आणि आपण सोफ्यावर बसून मनातल्या मनात जावयाला काय काय म्हटलं तेही आठवलं. त्यांनी सोल्यूशनचा डबा सुबोधच्या हातात दिला.

"मग तुम्ही चढा. शिडी मी धरतो."

सुबोधनं आयुष्यात कधी हातोडीसुद्धा नीट धरली नव्हती. सोल्यूशन त्याच्या शर्टाला लागलं, चष्म्याला लागलं. गोविंदराव खालून सांगत होते, थांबा, अजून ओलं आहे, आता बोट लावून बघा, आता दाबा. सांधा जरा वाकडाच बसला. एरवी त्यांनी तो उखडून पुन्हा करायला लावला असता. पण खाली उतरल्यावर सुबोध दोन पावलं मागं जाऊन त्या सांध्याकडे असा काही बघत होता, की ते म्हणाले, "पहिल्या कामाला छान आहे."

रविवारी सकाळी नऊला एअरकंडिशनर लावला. अकराला चौदा मुलं आली, त्यांच्या दमट श्वासांची भर पडली. कोह दांपत्य मागच्या बाकावर पाहुणे म्हणून बसलं. उल्कानं त्या दिवशीचा वर्ग वडिलांकडे सोपवला होता. गोविंदरावांनी फळ्यावर शब्द लिहिले: सांधा, फट, ओल, दमट, कोरडं, पकड. मुलांनी ते म्हणून दाखवले. मिसेस कोहांनीही म्हटले, आणि त्यांचा 'दमट' सगळ्यांत स्वच्छ आला.

एक वाजता तपासणी झाली. गोविंदराव एका टोकानं, मिस्टर कोह दुसऱ्या टोकानं, तळहात फिरवत निघाले. मुलं श्वास रोखून मागं मागं. कोरडं. पुढंही कोरडं. लोखंडी पट्ट्या कोरड्या. भिंतीपाशी दोघं एकमेकांना भेटले आणि तिथंच थांबले. वाकड्या सांध्याच्या कडेला एकच थेंब लोंबत होता.

"मॅनेजरचा सांधा," मिस्टर कोह म्हणाले.

सुबोध लाल झाला, पण हसलाही. तो निमूटपणे शिडीवर चढला. गोविंदरावांनी शिडी धरली. त्यांनी सांगितल्याप्रमाणे त्यानं कड उघडली, पुसली, थोडा वेळ वाळू दिली, सोल्यूशन लावलं, बोट लावून पाहिलं आणि अंगठ्यांनी दाबून धरलं. किती वेळ दाबायचं, असं त्यानं विचारलं. शंभर मोजेपर्यंत, गोविंदराव म्हणाले. मराठीत, उल्कानं खालून जोडलं.

चौदा मुलं एका सुरात मोजू लागली. अठ्ठावीसपर्यंत गाडी छान गेली. तिथं निम्मी मुलं एकोणतीस म्हणाली, निम्मी नऊवीस, आणि जाई थेट एकतीसवर गेली. उल्कानं टाळी वाजवली आणि सगळ्यांना पुन्हा एकपासून मोजायला लावलं. दुसऱ्यांदा एकोणपन्नासला तीच गत झाली.

"बाबा," वरून सुबोध म्हणाला, "माझे हात भरून आले."

"दाबून धरा, सुबोधराव," गोविंदराव म्हणाले. शिडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. "पोरं एकोणसाठपर्यंत येऊ देत. मग बघू."